चार ते पाच

मैदान चर्चचं, म्हणजे फुटबॉलचं.
पाचला मुलगे येतात, बूट खांद्यावर टाकून.
त्यांच्या आजोबांनी जिंकलेला चषक
क्लबाच्या कपाटात आहे, काचेमागे.
आमच्या वाट्याला चार ते पाच:
वाळू अजून तापलेली,
आणि गोलपोस्टच्या सावलीत दोन कुत्री
जी आमच्यासाठी उठत नाहीत.

आठ काठ्या, टोकाला जाळी.
तीन आठवडे मडगावच्या पोस्टात पडून होत्या.
पावतीवर कुणीतरी लिहिलं होतं
‘मासेमारीचं सामान’.
मी भांडले नाही.

पहिल्या दिवशी वीस मुली आल्या,
दुसऱ्या दिवशी नऊ.
इनासिनाच्या आईने कुंपणापाशी पाटी उतरवली.
“बाये, हें कितें? पिसोळीं धरतात?”
फुलपाखरं नव्हेत हो, म्हटलं, लॅक्रॉस.
तिने तो शब्द तोंडात घोळवला
आणि कर्लीचा काटा काढावा
तसा बोटाने बाजूला ठेवला.

रात्री मी नियम मराठीत उतरवते.
एका क्रियापदाशी अडते.
चेंडू जाळीत घेऊन पळायचं,
मनगट असं हलतं ठेवायचं
की तो निजेल, पण पडणार नाही.
झुलवणं? जोजवणं?
सुलक्षा वेळीपला शब्द लागलाच नाही.
घरी तिच्या काखेला
वर्षभर धाकटा भाऊ असतो.

दिवाळीपर्यंत तीन जाळ्या फाटल्या.
जेटीवर कायतानने त्या उलटसुलट पाहिल्या,
विडी विझवली,
निळ्या नायलॉनने विणून दिल्या,
पण पोट वाढवून.
“ताठ जाळ्यात काय राहतं?” म्हणाला,
“ढील दे. येणाऱ्याला बसायला जागा नको?”
तेव्हापासून झेल सुटत नाहीत.
(पुस्तकात या खोलीला मर्यादा आहे म्हणे.
त्या पानावर मी अजून पोचलेले नाही.)

चेंडू हरवतात. खाजनात, माडांच्या आळ्यात,
एक पाद्रीबाबांच्या विहिरीत.
मानशीच्या दारांवर बसणारा पुतूबाब
भरतीबरोबर आलेला चेंडू आणून देतो
आणि दर खेपेला विचारतो,
“जिखलीं गो?”
कोणाविरुद्ध, पुतूबाब?
आम्ही नऊ. चौघी इकडे, चौघी तिकडे,
नववी शिट्टी वाजवते.
हरतो आम्हीच, टाळ्याही आमच्याच.

एक फॉर्म आला होता.
‘आपल्या भागातील संघांची संख्या’.
मी ‘एक’ लिहिलं
आणि शाई वाळेपर्यंत बघत बसले.
एकच संघ म्हणजे नुसता सराव,
कशाचा, ते ठाऊक नसलेला.

मग जानेवारीत, एका शनिवारी,
वाळपईहून टेम्पो आला.
सत्तरीच्या मुली, चपलांना लाल माती,
दोघी वाटेत ओकून हलक्या झालेल्या.
काठ्या चार.
त्यांच्या सरांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं,
परक्या लग्नात आपल्या गावचं माणूस दिसावं तसं.
आमच्या दोन काठ्या त्यांना दिल्या.
सहा विरुद्ध सहा.
कायतानच्या निळ्या दोऱ्याची त्यांच्याकडेच गेली
आणि तिनेच आमच्यावर पाच गोल घातले.

इनासिना रडली, मग ओरडली,
मग समोरच्या मुलीला विचारू लागली
ती मनगट नेमकं कसं वळवते.
पाच वाजले. खेळ उरला होता.
मुलगे रेषेबाहेर बसले, बूट मांडीवर.
कुणी घड्याळ दाखवलं नाही.
कुत्री तेवढी उठली,
कारण या वेळी दोन्हीकडून धावणारे होते.

संध्याकाळी पुतूबाब चेंडू घेऊन आला.
“जिखलीं गो?”
हरलो, पुतूबाब. अकरा-दोन.
“कोणाकडून?”
वाळपईकडून, मी म्हटलं,
जरा मोठ्यानेच.
“इतल्या पयसच्यान?”
म्हणाला, आणि चेंडू
सदऱ्याला पुसून
माझ्या हातात दिला.